तानूबाईच्या बिळाचा समेट

एका जंगलात वाघाचं राज्य होतं. ते लोकशाही पद्धतीनं चालायचं, म्हणजे दर पाच वर्षांनी वाघ सगळ्यांना विचारायचा आणि सगळे हो म्हणायचे. जंगलात कोर्टही होतं. तिथले न्यायाधीश हत्ती अतिशय न्यायी होते, फक्त त्यांना एका फाइलीवरून दुसऱ्या फाइलीकडे मान वळवायला एक पावसाळा लागायचा.

या कोर्टात तानूबाई साळिंदरीचा खटला सहा वर्षं पडून होता. खटला साधा होता. तिच्या आईनं नखं झिजवून खणलेल्या बिळात रावसाहेब तरस घुसले होते आणि निघायचं नाव घेत नव्हते. रावसाहेब वाघमहाराजांच्या पक्षाचे तालुकाध्यक्ष. त्यांना खणता येत नव्हतं, पण राहता येत होतं. तानूबाई घाणेरीच्या झुडपाखाली दिवस काढत होती. आता ती गाभण होती, आणि उघड्यावर झालेली पिल्लं कोल्हे जगू देणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. गेल्या खेपेची जगू दिली नव्हती.

खटले इतके तुंबले की महाराजांना दखल घ्यावी लागली. त्यांनी भांडणमुक्त जंगल अभियान जाहीर केलं.

"बंधुभगिनींनो," महाराज म्हणाले, "भांडण ही आपली संस्कृती नाही. हरणानं वाघावर खटला भरल्याचं कधी ऐकलंत का?"

हजर असलेल्या हरणांनी टाळ्या वाजवल्या. घोषणा ठरली, 'न्याय उद्या, समेट आज'. पौर्णिमेपर्यंत शंभर टक्के समेट झालेच पाहिजेत असं फर्मान निघालं आणि कोर्टाच्या मागे मध्यस्थी केंद्र उघडलं.

आता मध्यस्थी ही काही वाईट गोष्ट नव्हे. दोन चिमण्या एका फांदीवरून भांडत असतील तर त्यांना समोरासमोर बसवावं, फांदी दोघींना पुरते. पण इथं एकाच्या जबड्यात दुसऱ्याची मान होती, आणि थोडं तू सोड, थोडं तू सोड, असं दोघांनाही सारख्याच गोडीनं सांगितलं जात होतं.

मध्यस्थ म्हणून नेमले होते नानासाहेब खवलेमांजर. प्रश्न अवघड झाला की ते अंगाची गुंडाळी करून गप्प पडत. या गुणामुळेच त्यांना तटस्थ ठरवलं होतं. सौहार्दाचं वातावरण राहावं म्हणून त्यांनी तानूबाईला काटे मिटून बसायला सांगितलं. दातांचा नियमात उल्लेख नव्हता.

"तानूताई, अगदी मनातलं सांगतो," रावसाहेब म्हणाले. "बीळ तुमचंच. मी जबरदस्तीनं घुसलो. आवडलं मला."

तानूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. हे एक वाक्य ऐकायला तिनं सहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

"लिहून घ्या सायेब," ती म्हणाली. "कबूल केलं त्यांनी."

"बाई, इथं बोललेलं इथंच राहतं," नानासाहेब म्हणाले. "म्हणून तर ते इतकं मोकळं बोलले."

ती तडक हत्तींकडे गेली. हत्तींनी दोन्ही कान मिटून घेतले. मध्यस्थीतलं बोलणं ऐकायला त्यांना कायद्यानंच मनाई होती.

ती परत आली तेव्हा समेटाचा मसुदा तयार होता. बिळाची आतली बाजू रावसाहेबांची, दार तानूबाईचं. डागडुजी तिनंच करायची, कारण खणता तिलाच येतं. समेटावर अपील नाही.

"मग मी न्हाई म्हनते," तानूबाई म्हणाली.

"अवश्य म्हणा. हे पूर्णपणे ऐच्छिक आहे. नाही म्हणणाऱ्यांची यादी फक्त महाराजांकडे जाते."

"सायेब, तुमीच सांगा, ह्ये बरोबर हाय का?"

नानासाहेबांची गुंडाळी झाली.

पौर्णिमा आली. सशांनी तरसांशी वार ठरवून घेतले, सोमवारी कुणी कुणाला खायचं नाही. बाकीच्यांनीही मुकाट्यानं अंगठे दिले. अख्ख्या जंगलात एकटी तानूबाई उरली. एका फाइलीसाठी कोर्ट चालवणं परवडत नाही म्हणून कोर्टच बंद झालं, हत्ती मध्यस्थी केंद्राचे अध्यक्ष झाले, आणि कोर्टच नाही तर खटला कुठला, या हिशेबानं तानूबाईचाही समेट झाला असं धरलं गेलं. शंभर टक्के पूर्ण झाले.

मग तालुक्याची निवडणूक लागली. रावसाहेब उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध लांडगा उभा राहिला आणि टेकडीटेकडीवरून ओरडू लागला, "मी आलो की तानूबाईचं बीळ तानूबाईला." तानूबाईला पुन्हा धीर आला. जड पोटानं ती झुडपाझुडपांतून त्याच्यासाठी मतं मागत हिंडली. पिल्लं घरात होतील असं तिला खरोखर वाटू लागलं होतं.

मतदानाच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी वडाखाली पोचली. तिथं रांग नव्हती. निवडणूक कारकून असलेला वानर एकटाच कनात गुंडाळत होता.

"मतदान कुठं हाय?" तिनं विचारलं.

"नाही. बिनविरोध झालं. दोन्ही उमेदवारांत काल समेट झाला."

"काय ठरलं त्यांच्यात?"

"ते गोपनीय आहे."

"आन आमी?" ती म्हणाली. "आमाला कुनी इचारलंच न्हाई."

वानरानं रजिस्टर उघडून नीट पाहिलं.

"मतदार या वादात पक्षकार नव्हते," तो म्हणाला.