फक्त सात घरं

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. पण त्या राजाला एक गोष्ट बरोबर कळली होती. घर बांधायचं म्हटलं की माणूस साऱ्या जगाशी भांडतो, आणि शेताला मात्र कुणाशीच भांडता येत नाही. म्हणून शेताच्या वतीनं 'नाही' म्हणायला त्यानं गावोगाव एकेक माणूस नेमला होता. त्या माणसाला शिवारपाल म्हणत.

पिकत्या जमिनीवर कुणाला घरं उठवायची असली, तर त्यानं शिवारपालाकडे अर्ज करायचा. शिवारपालानं ती जमीन स्वतः फिरून बघायची, बांधाला बांध असलेल्यांना विचारायचं, चावडीवर सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, आणि मग शिक्का मारायचा किंवा अर्ज परत करायचा. कायदा एवढाच. ऐकायला सोपा आणि करायला बसलं की डोकं उठवणारा.

आपल्या गोष्टीतला शिवारपाल चांगला माणूस होता. लाच खायचा नाही, कुणाला घाबरायचा नाही. गाव त्याला आबा म्हणायचं. त्याचं दुखणं एकच होतं. लोकांची बडबड ऐकून त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. आणि लोक बडबडायचे फार.

त्या गावात एक गृहस्थ होते. त्यांना काहीही हवं असलं की वाक्याची सुरुवात 'फक्त'नं व्हायची. फक्त घोटभर ताक द्या. फक्त दोन दिवस बैल द्या. दोन दिवसांचे बैल पंधरवड्यानं परत यायचे, तेही बरगड्या दाखवत. त्यामुळे सगळे त्यांना फक्तराव म्हणत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. नदीकाठी त्यांचा काळ्या मातीचा मळा होता. त्याच्या बांधाला लागून एका बाईचं शेत होतं, आणि शेतात तिचं गुऱ्हाळ.

ही गुऱ्हाळवाली बाई चाळिशीची, कमी बोलणारी, हाताला घट्टे पडलेली. थंडी सुरू झाली की तिच्याकडे पहाटेच बैल चरकाला जुंपत, उसाचा रस मोठ्या काहिलीत पडे, आणि खालचं चुलाण एकदा पेटलं की गूळ होईपर्यंत विझत नसे. आसपासच्या शिवारातल्या उसाच्या गाड्या तिच्याच दारात लागत. तिची दोन पोरं, म्हातारी सासू, चार गडी, सगळ्यांची चूल त्या एका चुलाणावर पेटायची.

एक दिवस फक्तराव चावडीवर आले.

"आबा, मळ्यात घरं काढावी म्हणतो. शहरातली माणसं मोकळ्या हवेला आसुसलीत. फक्त चाळीस घरं."

आबा उठले, जाऊन मळा बघून आले. माती हातात घेऊन चुरली, विहिरीत डोकावले, बांधावरून फिरले. मग गुऱ्हाळवाल्या बाईला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

बाई काहिलीतली मळी काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "आबा, मला घरांचं वावडं न्हाई. पण चुलाणाला धूर हाय, चरकाला आवाज हाय. शेजारी निजल्याल्या माणसाला ते सोसंल का? आज ना उद्या म्हनतील, ह्ये बंद करा. मग मी पोरं घेऊन कुठं जाऊ?"

"अहो, गुळाच्या वासासाठीच तर माणसं येणार!" फक्तराव म्हणाले.

"वासासाठी येतील, धुरासाठी नाही," आबा म्हणाले, आणि त्यांनी अर्ज परत केला. झालं. खरं तर गोष्ट इथंच संपायची.

पण फक्तराव पुढच्या महिन्यात पुन्हा हजर. "आबा, चाळीस जास्तच होती. माझंच चुकलं. फक्त वीस."

कायदा म्हणजे कायदा. आबा पुन्हा मळा फिरले, पुन्हा माती चुरली, पुन्हा चावडी भरली. चावडीवर एकानं शेजाऱ्याच्या कोंबड्यांबद्दल तक्रार केली. दुसऱ्यानं विचारलं, घरं झाली तर त्यातलं एक जावयाला मिळेल का. तिसरा सकाळभर बोलला आणि शेवटी म्हणाला, या बाबतीत आपल्याला काही म्हणायचं नाही. आबांनी कपाळ चोळलं. अहो, मळा विचारतोय मी, मळा! पण मळ्याबद्दल बोललं कोण? ती एकटी बाई. दोन वाक्यं बोलली आणि चुलाणाला लाकडं घालायची म्हणून निघून गेली.

वीसही नामंजूर झाली. मग आली बारा, मध्यभागी देवळासकट. फक्तराव म्हणाले, "आता देवाला नाही म्हणा बघू." आबा म्हणाले, "देवाला नाही म्हणत नाही, तुम्हाला म्हणतोय." त्यांचा आवाज मात्र आता चढायला लागला होता. ते घरी जेवायला बसले तरी फक्तराव ओसरीवर यायचे. देवळात गेले तर खांबाआड फक्तराव. नदीवर आंघोळीला गेले तर पलीकडच्या दगडावर फक्तराव धोतर पिळत उभे, आणि तिथूनच ओरडून विचारायचे, "आबा, मनावर घेताय ना?"

चौथा अर्ज आला तो ऐन गाळपात. उसाच्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या, चुलाण धडधडत होतं, आणि बाईला काहिलीपासून हलायची सोय नव्हती. ती चावडीवर आली नाही. येणार कशी? फक्तरावांना हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. ते स्वतः आले, मेव्हणे आले, मेव्हण्यांचे मित्र आले, आणि सगळे एकदम बोलू लागले.

"फक्त सात घरं, आबा! सात! एवढीशी वाडी. गावाला कळणारही नाही!"

"सातानं काय होतंय?"

"तुम्ही फारच ताणताय बुवा!"

आबांचे कान किटले. गुऱ्हाळ चावडीपासून हाकेच्या अंतरावर होतं. उठून जावं, बाईला विचारावं आणि यावं, एवढंच करायचं होतं. त्यांना ते माहीत होतं. पण त्यांना वाटलं, विचारलं की ती तेच म्हणेल, मग मी नाही म्हणेन, आणि मग हा माणूस पाचवा अर्ज घेऊन माझ्या उरावर बसेल. सात तर सात! एकदाची ब्याद टळू दे.

"आणा तो अर्ज," ते खेकसले. "पण अट आहे. गुऱ्हाळाबद्दल कुणी कुरकुर करायची नाही."

"छे, छे! कुरकुर कोण करतंय?" फक्तराव म्हणाले, आणि शिक्का उमटला.

दुसऱ्या दिवशी बाई भेटली. तिनं एवढंच विचारलं, "आबा, मला इचारायला आला न्हाईत?"

"अट घातलीय की मी," आबा नजर चुकवत म्हणाले. बाई गुऱ्हाळाकडे वळली. त्या रात्री मात्र आबांना छान झोप लागली. कितीतरी दिवसांनी ओसरीवर कुणी आलं नव्हतं.

पुढच्या थंडीपर्यंत सात घरं उभी राहिली. माणसं आली, चांगली माणसं होती. पहिल्या दिवशी सगळी तांबे घेऊन गुऱ्हाळावर गेली, पोट भरून रस प्यायली, गरम काकवी चाटली आणि म्हणाली, "हे खरं जगणं!" बाईनं पैसे घेतले नाहीत.

आठवडा झाला नाही तोच पहिल्या घरातले काका चावडीवर आले. "आबा, अट आम्हाला मान्य आहे. ही कुरकुर नव्हे, विनंती आहे. पहाटे तो चरक करकरतो, डोळा लागत नाही. जरा उजाडल्यावर सुरू केला तर?"

विनंती तर रास्त होती. आबा बाईकडे गेले. "बाई, जरा उजाडल्यावर सुरू कर. म्हणजे यांचं तोंड बंद होईल." बाई हो म्हणाली. बैल आता भर उन्हात फिरू लागले आणि दिवसाकाठी निम्माच ऊस गाळून होऊ लागला.

मग दुसऱ्या घरातून धुराची विनंती आली. वाळत घातलेले कपडे काळे होतात, लहान बाळ खोकतं. बाळ खोकतं म्हटल्यावर काय बोलणार? आबा पुन्हा गेले. "बाई, वारं घरांकडे असलं की जरा चुलाण थांबव."

"आबा, गाळल्याला रस थांबत न्हाई. आंबतो."

"कळतं ग मला! पण जरा सोस. माझ्याही डोक्याला ताप झालाय."

तिनं सोसलं. वारं फिरेपर्यंत रस आंबला. त्या रसाचा गूळ काळपट झाला, चिकट झाला, ढेप धरेना. पुढं गांधीलमाश्या आल्या म्हणून चिपाडांचा ढीग लांब नेऊन टाकायला लागला. मग गाड्या येतात आणि कुंपणाला घासतात, म्हणून गाड्या लांबच्या वाटेनं न्यायच्या ठरल्या. प्रत्येक वेळी सातांपैकी कुणीतरी चावडीवर ठाण मांडून बसे. प्रत्येक वेळी आबा हात टेकत, वैतागत, उठून बाईकडे जात आणि म्हणत, "एवढं एक जरा कर." सातांपैकी कुणाला जाऊन 'तू जरा सोस' असं म्हणायचं त्यांच्या मनात कधी आलंच नाही. ते लोक भांडले असते ना! बाई भांडत नव्हती.

लांबच्या वाटेला कंटाळून गाडीवाले दुसऱ्या गावच्या गुऱ्हाळाकडे वळले. एका थंडीत बाईचा चरक फिरलाच नाही, आणि तिचं रानही पडीक राहिलं.

आणि मग एक दिवस ती चावडीवर आली. तिनं आबांसमोर अर्ज ठेवला.

"माझ्या रानात बी घरं होऊ द्या, आबा."

आबा ताडकन उठून उभे राहिले. "तू? अगं, तू अर्ज देतेस? मी नाही म्हणणार. शेतासाठी नाही म्हणायचं हेच माझं काम आहे!"

"मग कुठं म्हनलात?" बाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला तुमी कधी गुऱ्हाळ बंद कर म्हनला न्हाईत. येवढं जरा कर, तेवढं जरा सोस, असंच म्हनत आलात. मी केलं, सोसलं. वरडनाऱ्याला गप करायचं म्हनून तुमी दर बारीला गप बसनारीला सांगत गेलात. आता रान इकून भावाच्या गावाला जाते. पोरं जगवायची हायत मला."

तेवढ्यात ही बातमी कळून सात घरांतली माणसं धावत आली.

"नाही म्हणा, आबा! नाही म्हणा! समोर ऊस डोलायचा म्हणून आम्ही इथं घरं घेतली. गुळाचा वास नाही, हिरवं रान नाही, मग इथं राहायचं कशाला?"

"गुळाचा वास?" आबा कडाडले. "धूर नको, आवाज नको, माश्या नकोत, गाड्या नकोत, आणि गुळाचा वास हवा? तो काय आभाळातून पडतो?"

ते कडाडले खरे, पण सगळ्यात जास्त राग त्यांना स्वतःचाच आला होता. त्यांनी उभ्या उभ्या कायदा मनात तपासला. या जमिनीवर कुणाचं पोट आहे का? नाही. इथं काही पिकतंय का? नाही. बांधाशेजारच्या शेताला घरांनी त्रास होईल का? बांधाशेजारी शेतच नाही, घरं आहेत. जिथं जिथं नाही म्हणायला जागा होती, ती जागा त्यांनी स्वतःच एकेक करून रिकामी केली होती. आबांनी शिक्का उचलला आणि मारला. बाईनं नमस्कार केला, कागद घेतला आणि ती निघून गेली.

दोन वर्षांत तिथं साठ घरं झाली. गावात गूळ बाहेरून येऊ लागला. आणि आबांना थोडी तरी शांतता मिळाली म्हणाल, तर तेही नाही. एका फक्तरावाच्या कटकटीला कंटाळून त्यांनी शिक्का मारला होता. आता सकाळ झाली की साठ घरांतली माणसं चावडीवर जमायची आणि एकमेकांच्या भिंतींबद्दल, सांडपाण्याबद्दल, कोंबड्यांबद्दल तावातावानं बोलायची, आणि आबांना ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागायचं.

म्हणून लक्षात ठेवा: कटकट टळावी म्हणून दिलेला होकार कटकट संपवत नाही, तो ती उचलून गप्प बसणाऱ्याच्या दारात नेऊन ठेवतो.