राहेलबाई बसेपर्यंत

उन्हाळ्यात आमच्या देवळात आल्या आल्या बाकावर बसायचे नसते, हे मी पाहुण्यांना दारातच सांगतो. तरी ते बसतात. उन्हातून आलेले असतात, त्यांचेही चुकत नाही. मग मागून एखादी म्हातारी खाकरते, सगळे माझ्याकडे बघतात, आणि ज्याला चारचौघांत बोलायला जड जाते त्या मलाच पुढे होऊन “जरा उठता का” म्हणावे लागते.

खांडवाडीत चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. डाव्या हाताचा पहिला खांब बघा. त्याच्या पायथ्याच्या फरशीत दोन खळगे आहेत, पावलांएवढे. पाहुणे त्यांत स्वतःचे पाय घालून फोटो काढतात. एका शिकलेल्या गृहस्थांनी सांगितले की इथे पूर्वी पाण्याचा रांजण असेल, त्याने दगड झिजला. आमचे थोमाआजोबा त्यांना म्हणाले, “रांजण एका बुडाचा असतो, साहेब. हे दोन आहेत.” ते पाय राहेलबाईचे, असे सांगतात.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा पाच गावांना मिळून एक पाद्री होता, आणि तोही उन्हाळा लागला की मिशनच्या साहेबाबरोबर महाबळेश्वरला जाई. साहेबाला ऊन सोसत नसे आणि पाद्र्याला साहेबावाचून करमत नसे, म्हणे. मागे देऊळ राही ते राहेलबाईवर. ती बायबलबाई होती, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी. विधवा, वयस्कर, गुडघ्यांनी अधू, काठीवाचून चालता येत नसे. उन्हाळाभर झाडलोट तिची, घंटा तिची, वाचन तिचे आणि गाणेही तिचेच.

ऐकायला मात्र कोणी नसे. कोणाचे लग्न, कोणाची भुईमुगाची काढणी, कोणाचा बैल आजारी. कोणी म्हणे पत्रा तापतो. फिलिमोन पाटोळे नावाचा एक बोलघेवडा गडी होता. तो म्हणाला, “मावशी, मी घरी असलो तरी मन देवळातच असतं.” राहेलबाई म्हणाली, “मग रात्री जेवायलाही मनच बसव.”

असे कितीक रविवार ती चिमण्यांना वचन वाचून दाखवीत राहिली. एका रविवारी घंटा वाजवून वाजवून हात दुखले, तरी दारात कोणी दिसेना. तेव्हा ती काठी टेकत गल्लीच्या तोंडाशी आली आणि म्हणाली, “पावसाळ्यात देऊळ गळतं तरी येता. नाताळात पाय ठेवायला जागा नसते. उन्हाळ्यात देव काय गावाला जातो? आता ऐका. घरटी एक माणूस देवळात आल्याबिगर मी तिथं बसायची नाही. उभी राहीन.”

“गुडघे काय म्हणतात, मावशी?” फिलिमोनने विचारले.

“गुडघ्यांना विचारलं नाही,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती खांबाला धरून उभी राहिली. चार-दोन माणसे कौतुक बघायला आली होती, ती बाकावर बसली. पण समोर थरथरत्या पायांवर म्हातारी उभी असताना बसवते कोणाला? एक उठला, मग दुसरा. शेवटी सगळेच उभे. फिलिमोनचे पाय असे भरून आले, की देवळातून निघाला तो थेट शेजाऱ्याच्या दारात. “तू मांडव घालतोयस आणि पाय माझे मोडतायत,” असे म्हणून त्याने शेजाऱ्याशी भांडणच काढले. रविवारमागून रविवार असेच झाले. भक्तीने किती आले ते देवाला ठाऊक. वैतागाने बरेच आले. होता होता सगळी घरे आली, एक सोडून.

ते घर लमुवेल ओहोळाचे. गावाच्या टोकाला, कबरस्तानाला लागून. वर्षभर तो देवळाकडे फिरकला नव्हता. मंडळी चिडून त्याच्याकडे गेली. तो ओट्यावर दोर वळत बसला होता.

फिलिमोन म्हणाला, “लमुवेल, तुझ्यापायी म्हातारी ताटकळतीये. तिच्यापायी आम्ही.”

लमुवेलाने दोर खाली ठेवला नाही. तो म्हणाला, “मागच्या उन्हाळ्यात माझी बायको गेली, तबीथा. मयताची पेटी याच अंगणात होती. तुम्ही सगळे लग्नाच्या वऱ्हाडात गेला होतात. मी अन् राहेलमावशी दिवसभर वाट बघत बसलो. मग रस्त्यानं जाणारे दोघं गाडीवान थांबवले. त्यांनी खांदा दिला. त्यांना तिचं नावही माहीत नव्हतं. तेव्हा मी ताटकळलो, आता तुम्ही ताटकळा.”

हे कोणाला नवे नव्हतेच. लग्नाहून परतल्यावर सगळे त्याला भेटून आले होते. एक बाई तर लग्नातले लाडू घेऊन गेली होती, म्हणे.

मंडळी राहेलबाईकडे आली. म्हणाली, “मावशी, तो यायचा नाही. तू आपला शब्द मागं घे आणि बस.”

राहेलबाई त्या दिवशी फार चिडली, असे सांगतात. “तो यायचा नाही हे मला ठाऊक नव्हतं होय? मी कोणासाठी उभी आहे असं वाटलं तुम्हाला? पेटी तिकडं, कबर तिकडं, अन् तुम्ही इथं माझे गुडघे मोजताय.”

त्या रविवारी देवळाची घंटा झाली आणि सगळी मंडळी देवळात न जाता कबरस्तानात गेली. तबीथाच्या कबरेभोवती उभे राहून त्यांनी मरणाच्या वेळचे गीत म्हटले. वर्षभर उशिरा म्हटले. ऊन असे की पायाखालची माती भाजत होती. लमुवेल दारात उभा राहून बघत होता. गीत संपले, वचन झाले, प्रार्थना झाली, तरी तो आला नाही आणि मंडळीही हलली नाही. राहेलबाई काठीवर भार देऊन सगळ्यांच्या पुढे होती. मग तिची काठी डगमगली.

लमुवेल तांब्या घेऊन धावत आला. तिला पाणी पाजले, एका हातात काठी घेतली, दुसऱ्या हाताने तिला सावरले. “चल,” तो म्हणाला. “चल देवळात आणि बस एकदाची.”

सगळी मंडळी मागून चालली. देवळाच्या दारात तो वळून म्हणाला, “तुमच्यासाठी आलो नाही मी.”

“नसलास तरी चालेल,” फिलिमोन म्हणाला. “आत हो. उंबऱ्यात ऊन आहे.”

लमुवेलाने राहेलबाईला पहिल्या बाकावर बसवले. मग बाकीचे बसले. आणि खांबाशी जिथे ती उन्हाळाभर उभी होती, तिथल्या फरशीत तिची दोन पावले उमटलेली दिसली, असे सांगतात. ते खरे की रांजणाचे खरे, मला सांगता यायचे नाही. मी फक्त फरशी पुसतो.

पण आजही ईस्टरपासून मिरगापर्यंत घरटी एक माणूस आल्याशिवाय खांडवाडीच्या देवळात कोणी बसत नाही. मुंबईला जाणारे शेजाऱ्याकडे घराची किल्ली देतात आणि म्हणतात, “आमच्या घरचंही उभं राहा.” ही रीत कोणाला आवडते असे नाही. दर रविवारी कोणीतरी उशीर करते, आणि सगळे या पायावरून त्या पायावर होत दाराकडे बघत राहतात. नवे पाद्रीसाहेब आले की रीत मोडायची म्हणतात, आणि मंडळी उभ्या उभ्या ऐकून घेते. मात्र आजही भर लग्नसराईत आमच्या गावात माणूस गेले, तर खांद्यासाठी कोणाला बोलवायला जावे लागत नाही.

म्हणून म्हणतो, जरा उठता का? अजून पाटोळ्यांचे कोणी आलेले नाही.