साळूनं फोडलेलं वारूळ

कुसळांचा एक माळ होता. वर निळं निळं आभाळ, खाली तांबडी तांबडी माती, आणि मध्ये सोनेरी डुलणारं वाळकं गवत. माळाच्या कडेला साळू नावाची इवलीशी पोर आईबरोबर राहायची. आई मातीच्या चुली घडवायची. चुलीच्या बदल्यात लोक धान्य घालायचे, त्यावर मायलेकी जगायच्या. पण आईला खोकला लागला. असा लागला, की चार पावलं टाकली तरी धाप. घरातली माती संपली, अन् धान्यही.

म्हणून साळू एकटीच निघाली. डोक्यावर टोपलं, हातात खुरपं आणि प्यायच्या पाण्याचा तांब्या. चुलीला वारुळाची माती चांगली, लोण्यासारखी मऊ. पण ती ओसाड वारुळाचीच घ्यायची. आधी कान लावायचा, आत सळसळ असली तर हात जोडून पुढं जायचं. आईनं तसं शिकवलं होतं.

ओसाड वारूळ ओढ्यापलीकडं, लांब. पाय भाजत होते. साळूनं जवळच्याच वारुळाला कान लावला. आत बारीक बारीक सळसळ होती, सुपात तीळ घोळवावेत तशी. साळूनं ती ऐकली. ऐकली, आणि तरी खुरपं मारलं.

ढेकूळ निखळलं. वाळवीची पांढरी पांढरी पिल्लं, मोत्यांच्या चुऱ्यासारखी, उन्हात सांडली नि वळवळू लागली. त्यांच्यामागून एक परी बाहेर आली, बोटाच्या पेराएवढी. अंगावर मातीच्या रंगाचं झगमगतं लुगडं, पाठीला चार चिमुकले चमचमते पंख.

परी म्हणाली, माझ्या एकेका पंखात एकेक इच्छा आहे, जो भेटेल त्याला मी देते. पण माझ्यापुढं कुणी खोटं बोललं की पंख गळतो. मग तिनं हळूच विचारलं, हे घर कुणी फोडलं?

साळू म्हणाली, आधीच फुटलं होतं. एक पंख गळला. बरं, कान लावला होतास का? लावला, पण काही ऐकू आलं नाही. दुसरा गळला. मग इथली माती घ्यायला सांगितलं कुणी?

साळूच्या तोंडून निघून गेलं, "आईनं."

तिसरा पंख तिच्या पायाशी पडला. परी रागावली नाही. "एकच उरला गं," ती म्हणाली. "आता उडायला गेले तर जागच्या जागी गरगर फिरेन मी."

साळूला हसू आलं नाही. कानशिलं तापली, मान खाली गेली. खोकून खोकून बेजार झालेल्या आईवर आपण आळ घातला.

"आईनं नाही सांगितलं," ती पुटपुटली. "मला ऐकू आलं होतं. ऐकून मारलं."

मग वळवळणाऱ्या पिल्लांकडं बघत साळू म्हणाली, उरलेली इच्छा यांना दे, यांचं घर नीट कर.

"घराला इच्छा नाही लागत, पोरी. ओली माती नि सावली लागते," परी म्हणाली. "यांच्याच वाटांनी पाणी माळाच्या पोटात उतरतं, तेव्हा गवत हिरवं होतं. बस जरा यांच्या हाताखाली कामाला."

साळूनं एकेक पिल्लू पानावर उचलून आत सोडलं. तांब्यातलं सगळं पाणी मातीत ओतलं. टोपल्याची सावली धरून बसली. इवली इवली वाळवी तोंडात चिखलाचा कण घेऊन यायची, चिकटवायची, परत जायची. ऊन कललं, साळूच्या घशाला कोरड पडली, तेव्हा कुठं भोक बुजलं.

परीनं शेवटचा पंख तिच्या मुठीत ठेवला आणि स्वतःही त्याच्याशेजारी जाऊन बसली. म्हणाली, ज्या माणसाला हे सांगायची लाज वाटते, त्यालाच आधी सांगायचं. तोवर मूठ उघडायची नाही.

रिकामं टोपलं घेऊन साळू दारात उभी राहिली. तिच्या मनात आलं, वारूळ सापडलंच नाही म्हणावं. मुठीत काहीतरी थरथरलं. मग जमिनीकडं बघत तिनं सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं, हेसुद्धा सांगितलं.

आईनं तिच्या सुकलेल्या ओठांकडं पाहिलं. मग म्हणाली, "पाणी सगळं ओतलंस? म्हणजे दिवसभर तहानलेलीच की. आधी पी."

तेव्हा साळूला रडू फुटलं. "आईची धाप जाऊ दे," म्हणत तिनं मूठ उघडली. कोवळा, केशरी, झुळझुळता उजेड घरभर पसरला, कोनाड्यात शिरला, आईच्या पदरावर सांडला. त्या उजेडात परी विरून गेली.

आई उठली. स्वतःच्या पायांनी माठापर्यंत गेली, लेकीला पाणी दिलं आणि तिच्याजवळ बसली. दोघी खोकल्याची वाट बघत राहिल्या. तो काही आला नाही.