ढोलीतली बाई

त्या रानात मेलेल्या पुढाऱ्याला दोष नसत. जे काही असत, ते सगळे त्याच्या बायकोच्या वाट्याला येत.

रानाला ससाण्यांच्या जाचातून सोडवणारा धनेश पक्षी लढाईत पडला, त्याला कैक वर्षं झाली होती. आता त्याच्या ढोलीचं स्मारक करायचं घाटत होतं. अडचण एकच, ढोलीत त्याची म्हातारी विधवा राहत होती. तिला हाकलायला कारण शोधावं लागलं नाही; कालच्या पिल्लांनाही ते तोंडपाठ होतं. नवरा पडला तेव्हा सारं रान रडत गोळा झालं, ही ढोलीबाहेर आली नाही. आणि सुतक फिटायच्या आत उंबराखाली मातीत फळं वेचताना दिसली. काय म्हणावं अशा बाईला!

तरी रीत म्हणून भारद्वाजाला विचारपूस करायला पाठवलं. "हाकला" म्हणून सभेत पहिला ओरडला होता तोच. ढोलीत शिरून त्यानं घसा खाकरला.

"वहिनीसाहेब, राग नसावा. पण त्या दिवशी आपण बाहेर का नाही आलात?"

"कशी येणार, भाऊजी?" म्हातारी म्हणाली. "आमच्यात बाई अंड्यांवर बसली की मातीनं दार लिंपून घेते आणि पंखांची पिसं झाडून टाकते. नवी यायला वेळ लागतो. तोवर ह्यांनी फटीतून भरवायचं, तेव्हा आम्ही जगायचं."

"अहो, मग हे कधी बोलला का नाहीत?"

"विचारायला तुम्हीच पहिले आलात."

भारद्वाज ओशाळला. त्यानं हळूच विचारलं, "आणि ते उंबर?"

"पिल्लं भुकेनं रडत होती. दार फोडलं नि गेले."

"पण पिसं तर नव्हती..." म्हातारीला तोवर डुलकी लागली होती.

खाली सभा ताटकळली होती. "काय ठरलं रे?" कावळा ओरडला.

भारद्वाज ढोलीबाहेर आला, पण उडाला नाही. तो खोडावरून पायीच उतरू लागला. ढोलीच्या तोंडापासून मुळापर्यंत सालीवर नख्यांचे खोल ओरखडे होते, जुने, बुजत आलेले. मध्येच एके ठिकाणी एक ओरखडा घसरत लांबवर खाली गेला होता, आणि त्याच्या शेजारून पुन्हा वर चढला होता.