विहीर खणणाऱ्याची साक्ष

फार पूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका कोरड्या गावात शांतवन नावाचा एक विहीर खणणारा राहत होता. जोडीला त्याचा मित्र कोंडाजी असायचा. एकानं खाली उतरून खणायचं, दुसऱ्यानं वर दोर धरायचा. अंबाडीचे ते दोर कोंडाजी स्वतः वळायचा.

शांतवन जन्मानं ख्रिस्ती, पण प्रभूच्या देवळात जायचा तो नाताळापुरता. बाकीचे दिवस दारूत जायचे. एका दुपारी तो पिऊन कामावर आला. कोंडाजी दोराला धरून वर चढत होता, आणि वर शांतवनला डुलकी लागली. हात सैल पडले. कोंडाजी पाच पुरुष उंचीइतका खाली खडकावर आदळला आणि बेशुद्ध झाला.

ओरडा ऐकून माणसं जमली, पण त्याला वर काढायला शांतवनच खाली उतरला. तोवर धुंदी पार उतरली होती. वरून कुणाला नीट दिसत नव्हतं. त्यानं पडलेला दोर कुदळीच्या पात्यानं तोडला आणि वर येऊन सांगितलं, की दोर तुटला. कोंडाजीचा जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा गेला.

त्यानंतर महिनाभरानं शांतवन देवळाच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसला. खिळे ठोकणाऱ्यांसाठीही प्रभू येशूनं क्षमा मागितली, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. त्या दिवशी त्याला वाटलं, हे माझ्याबद्दल चाललंय. तो खूप रडला. दारू सुटली. तो रोज कोंडाजीच्या घरी पाणी भरू लागला, दर पावसाळ्याआधी त्याचं छप्पर शाकारू लागला. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा. ते ऐकलं की त्याची मान खाली जायची.

उपासनेत एकेक जण उठून साक्ष द्यायचा, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचा. शांतवन कधी उठला नाही. देवळाच्या पाळकसाहेबांनी विचारलं की तो म्हणायचा, माझ्यासारख्याच्या तोंडून प्रभूचं नाव निघालं तर नावालाच डाग लागेल. त्यांना ती नम्रता वाटायची. शांतवनला खरं ठाऊक होतं. क्षमा मिळाली म्हणायचं, तर कशाची तेही सांगावं लागलं असतं.

अशी अठरा वर्षं गेली.

मग एका पावसाळ्यात गावातला गेनबा गाडीवान पिऊन गाडी हाकत होता. नदीला पूर आलेला. धाकटा भाऊ नको नको म्हणत असताना त्यानं बैल पाण्यात घातले. गेनबा काठाला लागला, भाऊ वाहून गेला. घरी येऊन गेनबानं भिंतीकडे तोंड केलं आणि अन्न सोडलं. गावातली वडीलधारी माणसं समजावून गेली, पाळकसाहेब जाऊन आले. चौथ्या दिवशी गेनबाची म्हातारी आई शांतवनच्या दारात आली. तुम्हीही कधी काळी दारू सोडलीत, एकदा येऊन बोला, म्हणाली.

शांतवन गेला. देव दयाळू आहे, धीर धर, असं काहीबाही बोलला. गेनबानं मान न वळवता विचारलं, "तुमच्या हातून कधी कुणाचं असं वाटोळं झालंय का?"

शांतवन उठला आणि घरी आला.

दिवसभर त्याच्यानं काही काम झालं नाही. आपण गप्प राहिलो तर एक माणूस डोळ्यांदेखत मरेल, आणि तोंड उघडलं तर अठरा वर्षांची अब्रू जाईल. त्यानं गुडघे टेकले. उठला तेव्हा त्याला एवढंच कळलं होतं, की गेनबाच्या आधी हे कोंडाजीला सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाजी अंगणात दोर वळत बसला होता. शांतवन त्याच्यासमोर जमिनीवर बसला.

"कोंडाजी, तुझा दोर तुटला नव्हता. मी प्यायलो होतो. माझ्या हातून तो सुटला. नंतर मीच तो तोडला."

कोंडाजीचे हात थांबले. त्यानं त्या हातांकडे पाहिलं.

"अठरा वर्षं," तो म्हणाला, "मला वाटत आलंय की मीच पीळ कच्चा घातला. प्रत्येक दोर मी दहादा ताणून बघतो. आणि तू रोज माझ्यासमोर पाणी आणून ठेवत होतास."

त्यानं अर्धा वळलेला दोर बाजूला टाकला.

"जा इथून," कोंडाजी म्हणाला.

तिथून शांतवन सरळ गेनबाकडे गेला. ओसरीवर पाचसहा माणसं होती. त्यांच्यादेखत त्यानं सगळं सांगितलं: दारू, विहीर, कुदळ, खोटं बोलणं. ऐकता ऐकता गेनबानं तोंड भिंतीकडून वळवलं.

"मग कोंडाजीनं माफ केलं तुम्हाला?"

"नाही. आत्ताच तिथून येतोय. जा म्हणाला."

"मग जगता कसे?"

"ज्या दिवशी मी स्वतःलाही नकोसा झालो होतो, त्या दिवशी येशूनं मला जवळ केलं," शांतवन म्हणाला. "तो माझं सगळं जाणून होता, तरी केलं. त्याच्या आधारानं जगतो. मी चांगला म्हणून सांगत नाही, गेनबा. मी कसा आहे ते आत्ता ऐकलंसच."

गेनबा हमसून रडला. भाऊ गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता. आईनं पेजेची वाटी पुढे केली, ती त्यानं दोन्ही हातांनी धरली.

दुपारपर्यंत गावभर झालं. त्या हंगामात शांतवनला कुणी विहिरीच्या कामाला बोलावलं नाही. देवळातही काहींनी कुरकुर केली, की याच्यामुळे आपल्याला मान खाली घालावी लागली. पाळकसाहेब मात्र रविवारी त्याच्या शेजारी शेवटच्या बाकावर येऊन बसले. गेनबा हळूहळू उभा राहिला. तो संध्याकाळी शांतवनकडे येऊन प्रभूबद्दल विचारायचा आणि ऐकलेलं चार घरी सांगायचा.

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी कुबडीचा आवाज आला. कोंडाजी दारात उभा होता. शांतवन हात जोडून उठला.

"माफीचं माझं मला बघू दे," कोंडाजी म्हणाला. "त्याला वेळ लागेल. पण गेनबाला जे सांगतोस, ते अठरा वर्षांत मला एकदाही सांगितलं नाहीस. माझ्या पायाची भीती वाटली तुला. आता सांग."

शांतवननं घोंगडी अंथरली, मित्राला हात देऊन बसवलं आणि अडखळत सुरुवात केली.

तात्पर्य एवढंच, की निष्कलंक होईपर्यंत थांबणाऱ्याला प्रभूबद्दल कधीच बोलता येणार नाही. आपल्याला कशाची क्षमा झाली हे जो खरं सांगतो, त्याचं बोलणं खचलेल्या माणसापर्यंत पोचतं.