मुशीने ठेवलेले दात

हा समोर दिसतोय तो किनाऱ्याचा खडक, त्याला आम्ही मुशीचं खडप म्हणतो. मुशी म्हणजे शार्क मासा. उधाणाच्या दिवसांत ओहोटी लागली की पाणी पार त्या टोकापर्यंत मागे जातं, आणि मग या पिवळट दगडात काळे, टोकदार दात दिसू लागतात. काही नखाएवढे, काही तळहाताएवढे. दगडाचेच, पण धार अजून शाबूत. तुम्ही ते शोधायला लांबून आलात, आनंद आहे. आमच्या वेळशी गावात हा छंद घरोघरी आहे. मात्र चाळणी नि हातोडी पिशवीतच राहू द्या. इथे मोकळा पडलेला दात उचलायचा, दगड फोडायचा नाही. दोन वर्षांपूर्वी कॉलेजचे एक सर आले होते. त्यांनी दात भिंगातून पाहिले आणि ते लाखो वर्षांचे आहेत म्हणाले. असतील. पण आम्ही जे ऐकत आलो, ते मी तुम्हाला सांगतो.

फार जुनी गोष्ट. गावचा तांडेल, म्हणजे होड्यांचा म्होरक्या, चांगो नावाचा होता. त्याला दोन मुलं. थोरली जिवी आणि धाकटा मालू. त्या वर्षी एक प्रचंड मुशी खाडीच्या तोंडाशी फिरू लागली होती. एके दिवशी तिने मालूची होडी उलटवली. बुडता बुडता त्याने तिच्या पाठीत भाला मारला, त्याचं पातं तिथेच मोडलं. मालू काही परत आला नाही. गावाने होड्या वर ओढल्या. कोळ्यांचं गाव, आणि समुद्रात जायला कुणी धजेना, असे दिवस आले म्हणे.

मग एका मोठ्या ओहोटीला तीच मुशी या खडपातल्या कोंडीत, पाणी साचलेल्या खळग्यात, अडकली. पाठीत पातं तसंच होतं, त्यावरून सगळ्यांनी ओळखली. अख्खं गाव भाले घेऊन धावलं. पण पहिला घाव ज्याच्या घरचा माणूस गेला त्याचा, अशी रीत होती. चांगोचे हात म्हातारपणाने थरथरत होते. म्हणून भाला जिवीने घेतला आणि ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली.

मुशी कुशीवर कलंडली होती. जिवीने भाला उगारला आणि तो तसाच राहिला. मुशीचं पांढरं पोट आतून हलत होतं.

"बाबा," ती ओरडली, "गाभण आहे ही!"

"मग काय झालं?" काठावरून कुणीतरी म्हणालं. "पिलं मोठी होऊन आपल्यालाच खातील. मार!"

माणसं पाण्यात उतरू लागली. तेव्हा जिवी मुशीकडे पाठ करून त्यांच्यासमोर उभी राहिली. ती म्हणाली, "भाऊ माझा गेला. पहिला घाव माझा, हे तुम्हीच सांगितलंत. तो मी घालणार नाही, आणि माझ्याआधी कुणाला घालू देणार नाही."

कुणी तिला वेडी म्हटलं, कुणी भावाची वैरीण. ती हलली नाही. मागे एवढं मोठं जनावर शेपटी आपटत होतं, त्याच्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही, असं सांगतात. बऱ्याच वेळाने म्हातारा चांगो पाण्यात उतरला. सगळ्यांना वाटलं, तो भाला हिसकावून घेणार. तो लेकीशेजारी जाऊन उभा राहिला, एवढंच. मालूसाठी तो तिथे पहिल्यांदा रडला. मग पुढे यायची कुणाची छाती झाली नाही.

भरती चढली. पाणी दोघांच्या छातीला लागलं तेव्हा जिवी मुशीला म्हणाली, "बाई, तू पोटुशी असताना आमचा भाला तुला लागणार नाही. आमच्या माणसाला तू दात लावू नकोस." मुशी दोघांच्या मधून गेली. तिच्या खरखरीत कातडीने जिवीची मांडी सोलून निघाली, पण दात लागला नाही.

पुढच्या उधाणाला बायका कालवं काढायला आल्या, तर खडपात हे दात. म्हणे, मुशीने आपले दात काढून इथे ठेवले, आणि पुन्हा तोंडात बसू नयेत म्हणून त्यांचा दगड केला. त्यातला पहिला दात जिवीने बापाच्या हातावर ठेवला. दुसऱ्या दिवशी चांगोने होडी पाण्यात लोटली, आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, लेकीला बसवलं.

आजही उधाणाची पहिली ओहोटी बायकांची असते, पुरुष मागून उतरतात. दात विकत नाहीत. नव्या होडीच्या नाळेत एक बसवतात. आणि वेळशीच्या माणसाला मुशी चावल्याचं माझ्या सत्तर वर्षांत मी ऐकलेलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या सुनेच्या जाळ्यात मोठी मुशी आली. जाळं कोरं होतं, पहिल्यांदाच पाण्यात टाकलेलं. बाजूच्या बंदरातली होडी जवळच होती, तिच्यातले लोक ओरडून म्हणाले, "घ्या वर, नशीब उघडलं!" सुनेने वाकून मुशीचं पोट पाहिलं, कोयता मागितला, आणि कुणाला काही न विचारता जाळं उभं कापलं.