करवंटी गटाराला

डोंगराच्या पोटाशी एक रान होतं आणि त्या रानात करवंदपूर नावाचं एक नगर होतं. नगर मोठं शहाणं होतं. तिथल्या प्राण्यांनी वाघाला गादीवरून उतरवून नगरपालिका आणली होती. वाघ होता तेव्हा तो न विचारता खायचा. आता रीतसर ठराव मांडून, हात वर करून, सर्वानुमते खाल्लं जायचं.

नगराच्या दोन आळ्या होत्या. वरची आळी उतारावर, गर्द सावलीत. तिथं मोर, सांबरं, वानरं अशी घरंदाज मंडळी राहायची. खालची आळी ओढ्याच्या अंगाला. वरच्या आळीत जे जे धुतलं जायचं, सांडायचं आणि नकोसं व्हायचं, ते जमिनीखालच्या एका जुन्या गटारातून खालच्या आळीखालून वाहत थेट दलदलीत जायचं. हे गटार साळिंदरांच्या पणजोबांनी खोदलं होतं. इतकं चांगलं खोदलं होतं, की कुणाला त्याची आठवणच राहिली नव्हती.

आठवण होती ती सुगंधाला. सुगंधा ही चिचुंद्री. नाव आईनं हौसेनं ठेवलेलं, बाकी जातीचा वास होता तो होताच. गटाराच्या भिंतीतल्या एका कोनाड्यात तिचं घर होतं आणि घरात सहा दिवसांची पाच पोरं होती. गुलाबी, आंधळी, आणि दर तासाला भुकेली.

चिचुंद्रीची पोरं घराबाहेर कशी पडतात ते ठाऊक आहे ना? पहिलं आईच्या शेपटीच्या मुळाशी दातांनी धरतं, दुसरं पहिल्याला धरतं, तिसरं दुसऱ्याला. अशी साखळी करून अख्खं घर चालू लागतं. पण त्यासाठी आधी दात यावे लागतात, डोळे उघडावे लागतात. सुगंधाच्या पोरांना अजून आठवडा होता. तोवर ती कोनाड्यात, आणि कोनाड्याखाली पाणी.

हे पाणी आताशा चढू लागलं होतं. भिंतीवरून उंबराचं एक मूळ लोंबायचं. रोज सकाळी पाणी जिथं टेकलं असेल तिथं सुगंधा मुळाला दात मारून खूण करायची. रोज एक बोट चढत होतं. कोनाडा अकरा बोटं वर होता. म्हणजे हाताशी अकरा दिवस, आणि पोरांना हवेत सात. निभेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण 'निभेल' या शब्दावर कुठल्या आईला झोप लागली आहे? पोरांना पाजून, झोपवून, त्यांच्यावर वाळकं गवत सारून ती तडक नगरपालिकेत गेली.

तिथं मुख्याधिकारी घोरपडसाहेब बसले होते. घोरपड एकदा भिंतीला चिकटली की सुटत नाही म्हणतात. साहेब खुर्चीला चिकटले होते. कधी मोराचा पक्ष यायचा, कधी टिटवीचा. साहेब होते तिथंच असायचे.

"साहेब, गटार तुंबलंय," सुगंधा म्हणाली.

साहेबांनी नाकावर पळसाचं पान धरलं. "बाई, जरा मागं सरका. अजून मागं. दाराबाहेर. हां, आता बोला."

"तुंबलंय म्हणते मी गटार. पाणी चढतंय. घरात डोळे न उघडलेली पाच लेकरं आहेत."

"तुंबलंय म्हणू नका. तुंबणं हा विरोधकांचा शब्द आहे. अर्जात 'पाणी विसावलं आहे' असं लिहा."

"अहो, विसावलेलं पाणी घरात शिरायला आलंय!"

"मग 'पाणी घरापर्यंत पोचलं आहे' असं लिहा. अभिनंदनाचा अर्ज होईल, लवकर पुढं सरकेल."

"पण खाली उतरून बघणारं कुणी आहे की नाही?"

"एक खेकडा होता. केरबा. निवृत्त झाला."

"त्याच्या जागी?"

"त्याच्या जागी कुणाला घ्यायचं हे ठरवायला समिती नेमली होती," साहेब हळहळून म्हणाले, "तीही निवृत्त झाली."

सुगंधानं अर्ज दिला. आणि नवल म्हणजे अर्जाची दखल त्याच दिवशी घेतली गेली. कारण निवडणूक तोंडावर होती.

नगराध्यक्ष मोर स्वतः आले. मोराच्या घराण्यात आपल्या पायांकडे बघायचं नाही अशी चाल आहे, पाय काही बघण्यासारखे नसतात म्हणून. त्यामुळं अध्यक्षांना जमिनीवरचं थोडं आणि जमिनीखालचं काहीच ठाऊक नसायचं. गटाराच्या तोंडाशी मांडव पडला, हार आले, आणि अध्यक्षांनी पिसारा उघडला.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आधीच्यांनी हे गटार जमिनीखाली लपवून ठेवलं. का लपवलं? जनतेला उत्तर हवंय! आम्ही काही लपवणार नाही. गटारातलं सगळं आम्ही तुमच्यासमोर आणू!"

"मोर नाचला, विकास साचला!" वानरांनी घोषणा दिली.

"गटार नूतनीकरण महायोजनेचं भूमिपूजन झालं असं मी जाहीर करतो!"

आता करवंदपुरातली एक रीत सांगायला हवी. कोणत्याही कामाचा नारळ फुटला की खोबरं मान्यवरांनी खायचं आणि करवंटी, शेंडी, हार सगळं गटारात सोडायचं. का? तर साळिंदरांच्या पणजोबांनी गटार खोदण्याआधी तिथं स्वच्छ ओहोळ होता. वाहत्या पाण्यात सोडलेला शकुन नगरभर फिरतो, असं तेव्हाची जाणती मंडळी म्हणत. पुढं ओहोळाचं गटार झालं, तरी शकुन सोडायचा राहिला नाही. खोबरं मान्यवरांना, करवंटी गटाराला.

त्याप्रमाणे वानरानं नारळ फोडला. करवंटीच्या दोन्ही वाट्या डुबुक डुबुक करीत आत गेल्या. मागोमाग झेंडूचे हार गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी एकदम तीन बोटं चढलं होतं. सुगंधानं मुळाला दात मारला आणि उरलेली बोटं मोजली. आठ.

त्या दिवशी टिटवीताई आल्या. ताई विरोधी पक्षाच्या. रात्री आपण पाय वर करून झोपतो म्हणून आभाळ खाली पडत नाही, असं त्यांचं अनेक वर्षांचं म्हणणं होतं आणि त्यावर त्या दोनदा निवडूनही आल्या होत्या.

"या भूमिपूजनाचा निषेध असो!" ताई ओरडल्या. "याच गटाराचं खरं भूमिपूजन आम्ही आमच्या काळातच केलं होतं! चोरलेल्या भूमिपूजनानं अपवित्र झालेली ही जागा आज आम्ही शुद्ध करतो आहोत!"

सुगंधा बिळातून वर आली. "ताई, शुद्ध नका करू. आतून नुसतं मोकळं करा."

"हीच ती पीडित माता!" ताईंनी तिच्याकडे पंख केला आणि लगोलग तोच पंख नाकाला लावला. "हिच्या अश्रूंची शपथ घेऊन आम्ही मोठा नारळ फोडतो आहोत!"

खरोखरच मोठा होता. पाणी आणखी तीन बोटं चढलं.

तिसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांचं एकमत होऊन अभ्यास समिती बसली. अध्यक्ष बगळा. एका पायावर डोळे मिटून उभं राहण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. समितीनं गटाराच्या काठी पहिली बैठक घेतली. पाणी का चढतंय याचा अभ्यास सुरू करण्यापूर्वी अर्थातच नारळ फोडला.

अजून तीन बोटं. आता कोनाडा पाण्यापासून दोनच बोटं वर होता, आणि पोरांचे डोळे उघडायला चार दिवस बाकी होते. सुगंधानं पोरांना पाजलं. सर्वांत धाकटं तिच्या पोटाशी धडका देत होतं, दूध संपलं तरी सोडत नव्हतं. ती मनाशी म्हणाली, मी तक्रारच केली नसती तर निभलं असतं गं बाई.

मग ती उठली आणि ओढ्याकाठी केरबामामाकडे गेली.

केरबामामा दगडाखाली ऊन खात बसला होता. "ये सुगंधे," तो म्हणाला. "अर्ज दिलास म्हणं? तीन नारळांचा आवाज इथवर आला."

"मामा, तुम्ही येता का आत? माझी पोरं बुडतील हो."

"अगं पोरी, माझ्या नांगीत आता जोर नाही. आणि मी पडलो तिरका चालणारा."

"मी सरळ चालते. तुम्ही फक्त कुठं कापायचं ते सांगा."

खेकडा दगडाखालून बाहेर सरकला. "नोकरीत होतो तोवर मला असं कुणी विचारलं नाही गं," तो म्हणाला आणि निघाला. तिरका, पण निघाला.

दलदलीच्या बाजूनं ती दोघं गटारात शिरली. ऐन दुपारीही आत काळोख होता. पण चिचुंद्रीला नाक असलं की डोळ्यांवाचून अडत नाही. शंभर पावलांवर वाट बंद झाली. सुगंधानं लांबुडकं तोंड पुढं केलं, हुंगलं, चाचपलं. दगड नव्हता, माती नव्हती.

"मामा, हे नारळ आहेत!"

करवंटीत करवंटी, तिच्यात आणखी करवंटी. भांड्यांच्या दुकानात वाट्या रचाव्यात तशा. मधल्या फटींत काथ्या आणि हारांचे दोरे ठासून बसले होते. केरबामामानं नांगीनं एकेक वाटी ठोकत ओळख करून दिली. "ही परवाची. हा पुलाचा नारळ. पूल झाला नाही. ही दवाखान्याची. ही पाणपोईची. ही मोराची, ही टिटवीची, ही परत मोराची..."

"वर तोंडंसुद्धा बघत नाहीत एकमेकांची," सुगंधा म्हणाली. "इथं बघा कशी घट्ट बसलीत एकमेकांत."

"म्हणून तर निघत नाहीत. मधला काथ्या काढ. तो काढलास की बाकीचं आपोआप भांडायला लागेल."

सुगंधानं दातांनी काथ्या ओढायला सुरुवात केली. मामा दोरे कापत राहिला. थोडं झालं की ती पळत वरच्या वाटेनं कोनाड्यात जायची, पोरांना पाजायची, पाणी बघायची आणि परत यायची. दोन बोटं. मग दीड. मग एक. चौथ्या खेपेला वरून लाटेसारखं काहीतरी आलं आणि गवताची कड भिजली. तिनं पाची पोरांना मागच्या भिंतीशी ढकललं, त्यांच्या अंगावर तोंड फिरवलं आणि पुन्हा खाली धावली. या वेळी तिनं हुंगलं नाही, चाचपलं नाही. समोर लागला तो काथ्याचा बोळा तिनं अंगातली सगळी ताकद लावून ओढला.

आधी एक करवंटी कुरकुरली. मग दुसरी हलली. आणि मग काही वर्षांचे सगळे शकुन एकदम सुटले. मामानं एका नांगीनं भिंत धरली, दुसरीनं सुगंधाची शेपटी. त्यांच्या अंगावरून पूल, दवाखाने, पाणपोया गडगडत दलदलीत गेल्या.

ती घरी पोचली तेव्हा मुळावरच्या सगळ्या खुणा कोरड्या होत्या. पोरं भिजलेल्या गवतात एकमेकांवर चढून चीं चीं करीत होती. तिनं मोजली. पाच. परत मोजली. मग मात्र ती त्यांच्यात आडवी झाली आणि कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

चार दिवसांनी पोरांचे डोळे उघडले. पाची जणं साखळी धरून आईमागं पहिल्यांदा बाहेर आली, ती नेमकी मांडवात. कारण गटार वाहू लागल्याची बातमी वर पोचली होती, आणि महायोजनेचं लोकार्पण चाललं होतं.

"बंधूंनो आणि भगिनींनो! शब्द दिला होता, चार दिवसांत पुरा केला!" मोर म्हणाले. वानरानं नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि करवंटी गटाराकडे भिरकावली.

सुगंधा चटकन पुढं झाली. मागं पोरांची साखळी होतीच. ती गटाराच्या तोंडावर आडवी उभी राहिली आणि करवंटी तिनं वरच्या वर झेलली.

"साहेब," ती नम्रपणे म्हणाली, "हा शकुन माझ्या लेकरांना द्या. झोपायला वाटी नाही त्यांना."

अध्यक्षांना नाही म्हणता येईना. समोर जनता होती. "अंत्योदय! हाच तो अंत्योदय!" ते म्हणाले आणि जनतेनं टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी टिटवीताईंनी खऱ्या लोकार्पणाचा नारळ फोडला. दुसरी वाटी मिळाली. पुढं प्रचार चढत गेला तशी प्रत्येक पोराला एकेक वाटी झाली, खाली गवत, वर झेंडूचा हार. केरबामामा येऊन नांगीनं वाट्या डोलवायचा. करवंदपुरात इतकी पाळणाघरं यापूर्वी कुणी पाहिली नव्हती. गटार खळखळून वाहत राहिलं, आणि त्यामुळं पुन्हा कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

निवडणूक झाली. कोण जिंकलं ते सांगण्यात अर्थ नाही. घोरपडसाहेब होते तिथंच आहेत. नव्या मंडळाचा पहिला ठराव मात्र सर्वानुमते झाला: गटाराच्या तोंडाशी बसून शकुन अडवणाऱ्या चिचुंद्रीचं अतिक्रमण हटवावं. नोटीस द्यायला नाकावर पान धरलेला शिपाई आला.

"आई, काय लिहिलंय गं?" धाकट्यानं शेपटी न सोडता विचारलं.

"आपलं घर पाडणार आहेत."

पाची जणं एकदम रडायच्या बेताला आली.

"अरे, पुढचं ऐका तरी," सुगंधा म्हणाली आणि तिनं शेवटची ओळ वाचली. 'सदर मोहिमेचा शुभारंभ उद्या सकाळी दहा वाजता माननीय अध्यक्षांच्या हस्ते श्रीफळ वाढवून होईल.'

तिनं नोटिशीची घडी घातली, धाकट्याच्या वाटीत गादी म्हणून अंथरली आणि त्याला वर झोपवलं. करवंदपुरात एकदा नारळ फुटला, की ते काम कधीच होत नाही, हे तिनं दातांनी उपसून पाहिलं होतं.